अळीला सवय होत नाही

प्रिय बेटा,

तुझं पत्र दोनदा वाचलं. उत्क्रांतीशास्त्राच्या कुठल्या संकल्पना आधी पक्क्या कराव्यात, असं तू विचारलंस. यादी मी देणार नाही, ती कुठल्याही पाठ्यपुस्तकाच्या अनुक्रमणिकेत मिळेल. त्यापेक्षा तुझ्याच एका वाक्यापाशी थांबतो. आपल्या भागातल्या कापसाबद्दल तू लिहिलंस, ‘गुलाबी बोंडअळीला बीटीची सवय झाली आणि तिने स्वतःत बदल घडवून आणला.’

हे वाक्य आपल्याकडे सगळेच बोलतात. कृषी केंद्राच्या दुकानात बोलतात, पारावर बोलतात. मीही वर्गात कित्येक वर्षं असंच बोलत होतो. एकदा मागच्या बाकावरच्या एका मुलानं विचारलं, ‘सर, विष खाल्लेली अळी तर मरते. मग सवय होते कुणाला?’ त्या दिवशी मला नीट उत्तर देता आलं नाही. घरी येऊन रात्री उशिरापर्यंत विचार करत बसलो. आज जे लिहितोय त्यातलं बरंचसं त्या मुलाच्या प्रश्नातून आलंय.

तिखटाची सवय माणसाला होते. जीभ तीच असते, माणूस तोच असतो. बोंडअळीचं तसं झालं नाही. बीटी कापसात मातीतल्या एका जिवाणूचं जनुक घातलेलं असतं. त्यापासून झाडात एक प्रथिन तयार होतं. अळीच्या आतड्याच्या पेशींवर कॅडहेरिन नावाचं दुसरं एक प्रथिन असतं. झाडातलं प्रथिन त्याला जाऊन चिकटतं, आतड्याला भोकं पडतात आणि अळी मरते. आता एखादी अळी जन्मतःच बिघडलेलं कॅडहेरिन घेऊन आली, तर विषाला चिकटायला जागाच उरत नाही. ती अळी जगते. ती काही शिकलेली नसते, तिनं कसली तयारीही केलेली नसते. अंड्यातून बाहेर पडली तेव्हाच ती तशी होती.

जनुकाची नक्कल होताना चुका होतच असतात आणि शिवारात या अळ्यांपासून होणारे पतंग कोट्यवधी असतात. त्यामुळे अशी बिघडलेली प्रत कुठे ना कुठे जन्मतेच, बीटी असो वा नसो. २००२ साली बीटी कापसाला आपल्याकडे परवानगी मिळाली, तेव्हा शिवारात फक्त चाळणी बदलली. आधी ज्या अळ्या मोजक्या होत्या, त्यांचीच पिल्लावळ पुढच्या हंगामात वाढत गेली. एकही अळी बदलली नाही, बदललं ते अळ्यांच्या समूहातलं प्रमाण. बेटा, हे एक वाक्य तुला खरोखर कळलं, तर अर्धं शास्त्र कळलं असं मी मानतो. उत्क्रांती जिवाची होत नाही, जीवसमूहाची होते.

‘आधीपासून होत्या’ हे मी म्हणतो म्हणून मान्य करू नकोस. १९४३ साली साल्व्हादोर लुरिया आणि माक्स डेलब्रुक या शास्त्रज्ञांनी हाच प्रश्न जिवाणूंना विचारला. बऱ्याच नळ्यांमध्ये जिवाणू वेगवेगळे वाढवले आणि मग प्रत्येक नळीतल्या जिवाणूंवर त्यांना मारणारा विषाणू सोडला. विषाणूशी गाठ पडल्यावर जिवाणू ‘तयार’ होत असते, तर प्रत्येक नळीत वाचलेल्यांची संख्या साधारण सारखी आली असती. तसं झालं नाही. बहुतेक नळ्यांत एकही नाही किंवा मोजकेच वाचले, आणि एखाद्या नळीत मात्र ढीगच्या ढीग. ढीग केव्हा मिळेल? प्रतिकार देणारा बदल विषाणू येण्याच्या कितीतरी आधी झाला असेल आणि त्याची संतती पिढ्यान्‌पिढ्या वाढत राहिली असेल तेव्हाच. विद्यापीठातल्या एका नृत्याच्या कार्यक्रमात जुगाराचं यंत्र पाहताना लुरियांना ही कल्पना सुचली होती. हा प्रयोग कागदावर स्वतः मांडून पाहा. उत्परिवर्तनं, म्हणजे जनुकातले बदल, गरज पाहून येत नाहीत, याचा इतका देखणा पुरावा मला दुसरा माहीत नाही.

आता आपल्या भाषेतल्या दोन अडचणींविषयी. पहिली ‘उत्क्रांती’ हा शब्दच. त्यातल्या ‘उत्’मुळे वर चढण्याचा अर्थ मनात येऊन बसतो, खालच्या पायरीवर जंतू आणि शेवटच्या पायरीवर आपण. पण बोंडअळीकडे पाहा. जे जिंकलं ते मोडकं जनुक होतं. भारतातल्या प्रतिकारक्षम अळ्या तपासल्या तेव्हा एकच कॅडहेरिन जनुक अनेक वेगवेगळ्या तऱ्हांनी बिघडलेलं आढळलं. कुलूप मोडायच्या दहा रीती असतात, त्यातली कुठलीही चालते. यात चढण कुठे आहे? शिवाय ज्या शेतात बीटी नाही तिथे ही मोडकी प्रत अळीला महाग पडू शकते. प्रयोगशाळेत वाढवलेल्या काही प्रतिकारक्षम अळ्या साध्या कापसावर इतरांपेक्षा मागे पडलेल्या दिसल्या आहेत. चांगलं आणि वाईट हे त्या त्या जागेपुरतं असतं.

दुसरी अडचण ‘बळी तो कान पिळी’. नैसर्गिक निवड समजावताना ही म्हण हमखास वापरली जाते आणि ती हमखास दिशाभूल करते. बळाचा इथे संबंध नाही. पुढच्या पिढीत कुणाची संतती किती, एवढाच हिशेब असतो. त्या लहानशा अळीनं कुणाचाही कान पिळलेला नाही.

इथून पुढचा भाग सावकाश वाच. मला सगळ्यात जास्त हाच सांगायचा आहे.

बियाण्याच्या ४५० ग्रॅमच्या बीटी पाकिटासोबत १२० ग्रॅमचं नॉन-बीटीचं छोटं पाकीट मिळायचं, ते तू घरी पाहिलं असशील. शेताच्या कडेनं ते लावायचं असायचं. बहुतेकांनी ते बांधावर टाकून दिलं. अळीला मुद्दाम खायला घालायचं हे कुणाच्या मनाला पटणार? पण त्या पाकिटात लोकसंख्या-आनुवंशिकीचं, म्हणजे जीवसमूहातल्या जनुकांच्या हिशेबाचं, अख्खं प्रकरण बांधून दिलेलं होतं.

समज, मोडकी प्रत हजारात एक आहे. प्रत्येक पतंगाकडे जनुकाच्या दोन प्रती असतात. दोन्ही मोडक्या असण्याची शक्यता हजारात एकच्या हजारात एक, म्हणजे दहा लाखांत एक. पण एकच प्रत मोडकी असलेले वाहक त्याच दहा लाखांत सुमारे दोन हजार असतात. समूहात कुठल्या प्रतींच्या जोड्या किती असतील हे सांगणारं हार्डी-वाइनबर्गचं सूत्र परीक्षेसाठी पाठ केलं असशील, त्याचा खरा उपयोग हा. जवळजवळ सगळा प्रतिकार वाहकांमध्ये लपलेला असतो. मोडकी प्रत अप्रभावी असेल, म्हणजे सोबत एक धड प्रत असली की तिचा परिणाम दिसत नसेल, आणि झाडातलं विष पुरेसं कडक असेल, तर वाहक अळ्या मरतात. वाचते ती फक्त दहा लाखांतली एक.

तिला जोडीदार कोण मिळणार, यावर सगळं ठरतं. चहूकडे बीटीच असेल तर आसपास वाचलेले पतंग तिच्यासारखेच. त्यांची सगळी पिल्लं प्रतिकारक्षम. कडेला नॉन-बीटीच्या ओळी असतील तर तिथून साधे पतंग शेकड्यांनी उडत येतात. तिची गाठ बहुधा त्यांच्यातल्याच कुणाशी पडते. पिल्लं सगळी वाहक निघतात आणि बीटीवर ती मरतात. एका पिकानं दुसऱ्या पिकाचं रक्षण करायचं, आणि तेही अळ्या जगवून. मी पहिल्यांदा हे समजून घेतलं तेव्हा फार हरखलो होतो. आजही लिहिताना तसंच वाटतंय.

आणि मग ते आपल्याकडे फसलं. २०१० साली गुजरातेतल्या अमरेली, भावनगर, जुनागढ आणि राजकोट जिल्ह्यांत गुलाबी बोंडअळी एका जनुकाच्या बीटीला दाद देत नाही, हे जाहीर झालं. दोन जनुकांचं बियाणं २००६ पासून बाजारात होतं. पण अळीनं पहिल्या विषावर मात केल्यावर दोन कुलपांचं दार एका कुलपावर आलं, आणि तेही टिकलं नाही. २०१७ चा हंगाम विदर्भात, मराठवाड्यात कसा गेला ते तुला आठवत असेल, तू तेव्हा शाळेत होतीस.

शेतकऱ्याला दोष देऊन मोकळी होऊ नकोस. दोन-तीन एकरवाल्यानं पाचवा हिस्सा अळीला सोडावा, त्याचा फायदा मात्र सगळ्या शिवाराला व्हावा, ही मागणीच अवघड होती. शिवाय आपल्याकडचा बीटी कापूस संकरित. संकरित झाडाच्या बोंडातली सरकी म्हणजे पुढची पिढी, तिच्यात जनुकांची फाटाफूट होते. काही सरकीत विष, काहीत नाही. गुलाबी अळी नेमकी सरकीच खाते. एका बोंडात कमी-जास्त विषाची अशी मिसळ झाली की वाहक अळ्याही तगून जायला वाव मिळतो, आणि वर केलेला सगळा हिशेब ढिला पडतो. त्यात फरदड. फेब्रुवारी-मार्चपर्यंत कापूस उभा ठेवला की अळीला जास्तीच्या पिढ्या आणि निवडीला जास्तीची संधी.

याच्या शेजारी घाटेअळी ठेवून पाहा. कापसावर आपण तिला अमेरिकन बोंडअळी म्हणतो, हरभऱ्यावर घाटेअळी, पण जात एकच. बीटीआधीच्या काळात कीटकनाशकांना दाद न देणारी म्हणून हीच कुप्रसिद्ध होती. तरीही बीटी कापूस मोठ्या प्रमाणावर फसला तो तिच्यामुळे नाही. तिला हरभरा चालतो, तूर चालते, टोमॅटो चालतो. बीटी नसलेलं रान तिला आपसूक मिळतं आणि तिथून साधे पतंग येत राहतात. गुलाबी अळी जवळजवळ कापसावरच जगते, म्हणून तिच्यासाठी ते रान माणसालाच राखावं लागतं. अमेरिकेत अ‍ॅरिझोनात शेतकऱ्यांनी तशा राखीव ओळी नेमानं लावल्या, पुढे नपुंसक केलेले पतंग सोडले, आणि २०१८ मध्ये तिथल्या कापसातून गुलाबी बोंडअळीचं उच्चाटन झाल्याचं सरकारनं जाहीर केलं. अळीची जात तीच, जनुकं तीच.

गणित कंटाळवाणं वाटलं तर ब्रिटिश शास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन यांची आठवण ठेव. १९२४ साली त्यांनी मँचेस्टरच्या काळ्या पतंगांचा हिशेब मांडला. काही दशकांत फिकट पतंगांची जागा घेत ते इतके वाढले, त्या अर्थी त्यांची संतती फिकट पतंगांच्या सुमारे दीडपट उरत असली पाहिजे, असं त्यांनी दाखवलं. निवड इतकी जोरकस असू शकते हे तोवर बहुतेकांना खरं वाटत नव्हतं. हेच हाल्डेन १९५७ मध्ये भारतात आले, इथलेच झाले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारले.

दोन गोष्टी थोडक्यात, त्यांच्यावर पुढे बोलू. प्रत्येक गोष्टीला निवडीचं कारण शोधत बसू नकोस. समूह लहान असला की निव्वळ योगायोगानंही प्रती वाढतात किंवा नाहीशा होतात, तिथे कुणाचा फायदा-तोटा नसतो. दुसरी, समान पूर्वज. केरळ-तमिळनाडूच्या बाजूच्या सह्याद्रीत वर्षातला बहुतेक काळ जमिनीखाली राहणारा एक जांभळा बेडूक आहे. त्याचं वर्णन २००३ मध्ये प्रसिद्ध झालं. त्याचे सगळ्यात जवळचे नातेवाईक भारतात नाहीत, समुद्रापार सेशेल्स बेटांवर आहेत. भारत आणि ती बेटं एकाच भूखंडाचे तुकडे होते, ही गोष्ट त्या बेडकाच्या वंशावळीत अजून वाचता येते.

दिवाळीला येशील तेव्हा आमच्या मागच्या शेतात जाऊ. कामगंध सापळे, म्हणजे मादीच्या गंधानं नर पतंग ओढून घेणारे सापळे, मी लावून ठेवतो. सलग तीन रात्री दर सापळ्यात रोज आठ पतंग आले की धोक्याची पातळी धरतात, ते आपण मोजू. मग शेतभर फिरून वीस हिरवी बोंडं तोडू आणि एकेक फोडून पाहू, कारण बाहेरून चांगली दिसणारी बोंडंही आतून किडलेली निघू शकतात. वहीत रकाने आखून आण: तारीख, वाण, पेरणीचा दिवस, बोंडं किती, अळ्या किती. शेजारच्या हरभऱ्यालाही एक पान ठेव.

घरी सगळ्यांना नमस्कार सांग.

तुझा,
सर