नोकरी सोडू की दिवस बदलू? वाडीच्या ट्रान्सपोर्ट ऑफिसातून एक उत्तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वय ३८, नागपुरातच खासगी नोकरी, सकाळी नऊला घर सोडता ते रात्री नऊला परत. तोवर मुलगा झोपेला आलेला असतो. दर वर्षी ठरवता की आता हे बदलायचं, आठ-दहा दिवस जमतं नि मग पुन्हा तेच. आता वाटतं की नोकरीच सोडून द्यावी. सोडू का? आणि नाही, तर सुरुवात कुठून करू?

मी समुपदेशक वगैरे नाही. वाडीला एका ट्रान्सपोर्ट कंपनीत २००५ पासून अकाउंट्स बघते. घर मानेवाड्याला, म्हणजे रिंगरोडने स्कूटीवर जायला पाऊण तास, यायला पाऊण तास. माझं जे झालं ते सांगते, तुमच्या कामाचं असेल तेवढं घ्या.

२०१९ पर्यंत मी बदल सुरू करण्यात पटाईत होते. योगवर्गाची वर्षभराची फी एकरकमी भरली, गेले अकरा दिवस. मग लांबच्या अंबाझरी तलावावर फिरायला जायचं ठरवलं. मानेवाड्याहून अंबाझरी! गाडी काढा, तिथे लावायला जागा शोधा, तोवर फिरण्याची हौस फिटलेली असायची. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपल्याकडे नागपुरात मारबत, म्हणजे मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक निघते, लोक ओरडतात, ‘रोगराई घेऊन जा गे मारबत!’ मी मनातल्या मनात त्यात ‘ऑफिसचा उशीर’ जोडायची. काळी गेली, पिवळी गेली, मागून बडगे गेले, उशीर तिथल्या तिथे.

मग एका गुरुवारी रात्री मुलीच्या उशाशी चष्मा दिसला. मी नवऱ्याला विचारलं, हा कोणाचा? तो म्हणाला, तिचाच, सोमवारी आणला. फोनवर सांगितलं होतं ना तुला. सांगितलंही असेल. त्या दिवशी वीस तारीख होती, जीएसटी भरायची, मला काही आठवत नव्हतं.

त्या रात्री मी राजीनामा लिहिला. सकाळी उठून हिशेब केला, कारण सवय तीच आहे.

हा हिशेब तुम्हीही करा, सोडायचं नसलं तरी. ग्रॅच्युइटी (नोकरी सोडताना कंपनी देते ती एकरकमी रक्कम) कायम नोकरीत सलग पाच वर्षं झाली की मिळते: शेवटचा मूळ पगार नि महागाई भत्ता मिळून जो आकडा येईल त्याला १५ ने गुणा, २६ ने भागा, मग वर्षांनी गुणा. सोपं म्हणून २६,००० धरा आणि १४ वर्षं, तर २,१०,००० येतात. पीएफचं पासबुक उघडून बघा. पगारातून कापलेले पैसे खरंच जमा होतात का, हे अनेकांना थेट नोकरी सोडतानाच कळलेलं मी पाहिलं आहे. दुसरी नोकरी धरणार असाल तर पीएफ काढू नका, ट्रान्सफर करा. पाच वर्षांच्या आत काढला तर त्यावर कर लागू शकतो, आणि पेन्शनला दहा वर्षं भरावी लागतात. सगळ्यात महत्त्वाचं आरोग्य विम्याचं. कंपनीचा ग्रुप विमा नोकरीबरोबर जातो. स्वतःची पॉलिसी नोकरीत असतानाच घ्या, कारण बीपी-शुगरसारख्या आधीपासूनच्या आजारांसाठी विमा कंपनी ३ वर्षांपर्यंत थांबायला लावू शकते. २०२४ पर्यंत ही मर्यादा ४ वर्षांची होती.

माझा हिशेब असा निघाला की घर सात महिने चालेल. सात महिन्यांनंतर काय, याचं उत्तर माझ्याजवळ नव्हतं. राजीनामा कपाटात गेला. फाडला मात्र नाही.

त्यानंतर दोन आठवडे मी एक वेडेपणा केला. जुन्या बिल्टी बुकाच्या (बिल्टी म्हणजे गाडीत भरलेल्या मालाची पावती) कोऱ्या मागच्या बाजूवर माझ्या दिवसाची खतावणी लिहिली. नऊ ते साडेनऊ काय, साडेनऊ ते दहा काय, कोणाच्या खात्यात किती वेळ गेला. बदल काय करायचा हे अजिबात ठरवायचं नाही, फक्त लिहायचं. मला पक्की खात्री होती की सगळा दोष शेठचा आहे, ते उशिरा येतात, सह्या रात्री करतात. खतावणीत शेठच्या नावे निघाले दिवसाला जेमतेम वीस मिनिटं. संध्याकाळी सहा ते साडेआठ हा सगळा वेळ निघाला ड्रायव्हरांच्या नावे.

ट्रान्सपोर्टचं ऑफिस संध्याकाळी जागं होतं. गाड्या तेव्हा भरतात, रात्री निघतात. निघण्याआधी ड्रायव्हर मागच्या फेरीचा हिशेब करून मागतो: ॲडव्हान्स किती, डिझेल किती, टोलच्या चिठ्ठ्या, खुराकी म्हणजे जेवणाचे पैसे, हमाली, माल मिळाल्याची पोच आणली की नाही. एकाचं झालं की दुसरा. ‘ताई, माहा लवकर करून द्या ना, गाडी लागून राहिली.’ रायपूरच्या फेरीला कोणती गाडी किती डिझेल खाते हे मला तोंडपाठ होतं, म्हणून सगळे माझ्याच टेबलाशी.

इथे मला स्वतःबद्दल जे कळलं ते काही चांगलं नव्हतं. आमच्याकडे बिल्ट्या फाडायला एक बी.कॉम. झालेला पोरगा होता. हुशार, दुपारी अर्धा वेळ मोबाईलवर. हे काम त्याला शिकवता आलं असतं, कधीचंच. मी शिकवलं नव्हतं, कारण ते पाठ असणं हीच माझी खुर्ची होती. त्याला आलं तर मला कोण विचारणार? चौदा वर्षं मी उशीर होतो म्हणून रडत होते आणि तोच उशीर जपूनही ठेवत होते.

शिकवायला तीन महिने लागले. डोक्यातलं वहीत उतरवायलाच एक महिना गेला. प्रत्येक गाडीला एक पान. मधे एकदा त्याने एकाच ड्रायव्हरचा आठ हजारांचा ॲडव्हान्स खतावलाच नाही, तेवढे पैसे जास्तीचे गेले. ड्रायव्हर भला, पुढच्या फेरीला स्वतःच म्हणाला, ‘मॅडम, मागच्या बारीले जास्त आले व्हते.’ पण मधले पाच दिवस शेठ माझ्याकडे ज्या नजरेने बघत होते, त्यात मी दोनदा ठरवलं की जाऊ दे, परत आपणच करू. केलं नाही. फार धैर्य होतं म्हणून नाही. त्या पोराचा चेहरा बघवत नव्हता म्हणून.

शेठशी मी ‘मला लवकर जायचं आहे’ असं कधीच बोलले नाही. ते आधी दोन जणांनी बोलून पाहिलं होतं, उत्तर ठरलेलं असतं: आम्हीपण बसतोच ना. मी म्हटलं, ड्रायव्हरांचा हिशेब दुपारी तीन ते पाच ठेवू. दुपारपर्यंत आलेल्या गाड्या त्याच दिवशी, उशिरा आलेल्या दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला. रात्री आठला घाईत हिशेब होतो तेव्हा चुका होतात, भांडणं होतात, गाडी निघायला उशीर होतो. महिनाभर करून बघू. आणि ७, ११ व २० तारखेला लागेल तेवढं थांबेन, ती माझी जबाबदारी. (टीडीएस ७ ला, जीएसटीची पहिली विवरणी ११ ला, दुसरी, म्हणजे ३बी, २० ला. माझा महिना या तीन खुंट्यांना टांगलेला असतो.) पहिल्यांदा ते नाही म्हणाले. दुसऱ्यांदा ‘बघू’. तिसऱ्यांदा, दिवाळीनंतर, हो.

आता माझ्या मते खरी गंमत इथे आहे. आठवड्याभरात ड्रायव्हर तीनला येऊन उभे राहायला लागले. मी कधी दुसऱ्या कामात असले तर ओरडायचे, ‘ताई, तीन वाजले ना!’ माझा बदल टिकवायचं काम माझ्या हातात राहिलंच नाही. योगवर्गाला मी नाही गेले तर कोणाचंच काही अडत नव्हतं, म्हणून गेले नाही. इथे मी नसले तर चार माणसांचं अडत होतं.

फिरण्याचंही तसंच झालं. समोरच्या काकूंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, त्यांना एकटीने रस्त्यावर जायची भीती वाटायची. मी म्हटलं, माझ्याबरोबर चला. ती माझी मेहेरबानी आहे असा माझा समज पहिल्या उशिराच्या दिवशी उतरला. काकू पावणेसहाला फाटकाशी उभ्या. ‘काहून व, झोपलीच होती का?’ अंबाझरी नाही, उद्यान नाही, आमच्याच कॉलनीतून चार फेऱ्या. मे महिन्यात पारा पंचेचाळीसवर असतो तेव्हा सव्वापाचला निघतो. त्यांचा डोळा कधीच बरा झाला, फिरणं सुरू आहे.

लोक सांगतात, एकवीस दिवस करा, सवय लागते. ते एकवीस मॅक्सवेल माल्ट्झ नावाच्या अमेरिकन प्लास्टिक सर्जनने १९६० मध्ये लिहिलेलं आहे, आणि तेही रुग्णाला आपल्या नव्या चेहऱ्याची सवय व्हायला निदान इतके दिवस लागतात, अशा अर्थाने. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजने ९६ जणांवर अभ्यास केला, त्यात नवी सवय अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागले. कोणाला १८, कोणाला तर २५४ चा अंदाज निघाला. तुम्ही दहाव्या दिवशी स्वतःला नालायक ठरवून मोकळे होता, ते जरा घाईचं आहे. त्याच अभ्यासात असंही दिसलं की मधे एखादा दिवस बुडाला तर फारसा फरक पडत नाही. मी तर मार्चभर बुडवते.

घरचं मात्र मला आधी जमलं नाही. सव्वासहाला घरी पोचायला लागले नि पहिल्याच आठवड्यात सासूबाई म्हणाल्या, आता लवकर येते तर संध्याकाळच्या पोळ्या तूच करत जा. चुकीचं काहीच नव्हतं त्यात. पण ऑफिसकडून सोडवलेले अडीच तास महिन्याभरात ओट्याने खाल्ले, आणि मुलगी आपली तिच्या खोलीत. मोकळा वेळ कोणाच्या नावाने लिहिला नाही तर तो जवळच्या माणसाच्या खात्यात जातो. मग पोळ्यांना बाई लावली (सासूबाई पंधरा दिवस बोलल्या नाहीत, मग त्या बाईंशीच त्यांची गट्टी जमली) आणि सात ते पावणेआठ मुलीचं गणित. खरं तर गणितात मी फार बरी नाही, व्यवहारी अपूर्णांकांपर्यंत ठीक. तिने मला शिकवायचं असं ठरलं. ती बरोबर सातला वही घेऊन यायची नि माझ्या चुकांवर लाल पेनने फुल्या मारायची. त्यात तिला फार मजा यायची.

आता तुमचं. नोकरी सोडावी असेही प्रसंग असतात: पगार वेळेवर होत नाही, पीएफ कापतात पण भरत नाहीत, माणसासारखं वागवत नाहीत. तसं असेल तर माझं वरचं सगळं विसरा, विमा घ्या, हिशेब करा आणि बाहेर पडा. पण तुमच्या प्रश्नात तसं काही दिसलं नाही. तुम्ही वेळेबद्दलच लिहिलं आहे. रोजचे बारा तास कोणाच्या नावे जातात हे तुम्हाला आज माहीत नाही, असं मी पैजेवर सांगते. मलाही नव्हतं. तेव्हा पंधरा दिवस फक्त लिहा. त्यात एखादं असं काम सापडेल जे दुसऱ्याला शिकवता येतं आणि तुम्ही शिकवलेलं नाही. नाही सापडलं तर पुन्हा एकदा नीट बघा, कारण ते आपल्याला आवडणारं काम असतं, म्हणून दिसत नाही.

आणि मुलाला रात्री नऊला भेटता म्हणता, तर सकाळी तो किती वाजता उठतो? शाळेच्या बसपर्यंत त्याला कोण सोडतं? हे मी उगाच विचारत नाही. ते काम मागून घ्या. सकाळी कोणी शेठ अडवत नाही, आणि बूट घालून दारात उभा असलेला पोरगा तुम्हाला झोपू देणार नाही.

राजीनामा अजून कपाटात आहे, विम्याच्या कागदांच्या फाइलमध्ये. काही अडचण असेल तर खाली विचारा, पण उत्तर परवा देईन. उद्या ७ तारीख आहे.