इंग्रजी क्लासमधल्या ४० वर्षांच्या विद्यार्थ्याला डिस्लेक्सिया असेल का, कसं ओळखायचं?

डिस्लेक्सिया म्हणजे बुद्धी ठीक असूनही वाचन-स्पेलिंग मुळातच जड जाणं. त्याचा लगेच शिक्का मारू नका. आधी डोळे-कान तपासून घ्या. चाळिशीत कित्येकदा घोळ चष्म्याचाच निघतो. मग घरची भाषा विचारा. आपल्या सोलापुरात पूर्व भागातला माणूस घरी तेलुगू, शाळेत मराठी, कामावर हिंदी बोलतो. इंग्रजी त्याची चौथी. ज्या लिपीत शिकला, त्यातला उतारा वाचायला द्या. सरसर वाचला तर अडचण बहुधा इंग्रजी स्पेलिंगची. बहुधाच म्हणतोय, कारण देवनागरीत बरंचसं जसा उच्चार तसं अक्षर, त्यामुळे सौम्य डिस्लेक्सिया मराठीत झाकला जातो. तिथेही अडखळला, तर शाळा किती झाली ते विचारा. चौथीत शाळा सुटलेल्याचं अडखळणं वेगळं. नियमित शाळा होऊनही लहानपणापासून हेच असेल, तर क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे पाठवा. निदान तेच करतील, आपण नाही. आणि ही विचारपूस चारचौघांत नको.