लपलेला विषाणू आणि रोजची गोळी

प्रश्न : मी निपाणी भागात राहते. सात वर्षे एचआयव्हीची गोळी नेमाने घेते. मागच्या दोन्ही तपासण्यांत रक्तात विषाणू सापडला नाही. कर्करोगावरच्या इम्युनोथेरपीने शरीरात लपलेला विषाणूही काढता येतो, असे वाचले. बेळगावला किंवा मुंबईला जाऊन ते इंजेक्शन घेतल्यास गोळी सोडता येईल का? बाटली जोंधळ्याच्या डब्यात लपवून ठेवण्याचा आता कंटाळा आला आहे. — एक वाचक भगिनी

उत्तर : ताई, गोळी सोडू नका, हे आधी सांगते. तपासणीत विषाणू न सापडणे म्हणजे तो शरीरातून गेला, असे नव्हे. सीडी४ प्रकारच्या (प्रतिकारशक्तीच्या) काही दीर्घायुषी पेशींच्या जनुकांत त्याची प्रत शिरून बसलेली असते, आणि अशी पेशी निद्रिस्त असेपर्यंत ती ना औषधाच्या हाती लागते, ना प्रतिकारशक्तीच्या नजरेस पडते. गोळी थांबली, की बहुतेकांमध्ये काही आठवड्यांतच विषाणू पुन्हा वाढतो.

प्रतिकारशक्तीतल्या टी पेशींना आवर घालणारे पीडी-१ नावाचे एक प्रथिन असते. कर्करोग या लगामाचा फायदा घेतो. तुम्ही वाचलेली इम्युनोथेरपी हाच लगाम सैल करते. असे लगाम सैल करण्याच्या शोधाबद्दल जेम्स ॲलिसन व तासुकू होंजो यांना २०१८ चे नोबेल मिळाले. एचआयव्ही दडलेल्या पेशींवरही पीडी-१ अधिक आढळते, म्हणून लगाम काढल्यास निद्रिस्त विषाणू जागा होईल आणि थकलेल्या मारक पेशींना बळ येईल, अशी दुहेरी आशा संशोधकांना आहे. कर्करोग व एचआयव्ही दोन्ही असलेल्या ३२ जणांना पेम्ब्रोलिझुमॅब हे पीडी-१चा लगाम सैल करणारे औषध दिल्याचा अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात विषाणू जागा होत असल्याच्या खुणा दिसल्या. मला हे फार मोलाचे वाटते. मात्र त्या रुग्णांची एआरटी, म्हणजे एचआयव्हीवरची नेहमीची औषधे, चालूच होती, आणि एचआयव्ही बरा झाल्याचे त्यातून दिसलेले नाही.

शिवाय लगाम सुटलेली प्रतिकारशक्ती आपल्याच थायरॉइडवर, आतड्यांवर, फुप्फुसांवर उलटू शकते. कर्करोगाने जीव धोक्यात असताना हा धोका पत्करणे योग्य ठरते. विषाणू आटोक्यात असलेल्या तुम्ही तो पत्करू नये. हे इंजेक्शन एचआयव्हीवरचा उपचार म्हणून मंजूर नाही. कोणी पैसे घेऊन देऊ करत असेल, तर नकार द्या.

तुमचा कंटाळा मी समजू शकते. एका वेळी जास्त महिन्यांच्या गोळ्या मिळतील का, हे एआरटी केंद्रातील समुपदेशकांना विचारा. कायद्यातले मोजके अपवाद सोडले, तर तुमच्या संमतीवाचून त्यांना कोणालाही तुमचा आजार सांगता येत नाही, तसा २०१७ चा कायदाच आहे. तोवर डब्यातल्या बाटलीचे टोपण घट्ट लावत जा आणि आतली ओलावा शोषणारी पुडी काढून टाकू नका.