'पार्टी' या शब्दाला इतके अर्थ कसे आले, आणि करारनाम्यात तो कसा वाचावा

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: वडोदऱ्यात मंडळाच्या कोजागिरीसाठी पार्टी प्लॉट (समारंभासाठी भाड्याने मिळणारं मैदान) घेताय, आणि हातात आलेल्या करारनाम्यात 'पार्टी' हा शब्द कुठे माणसासाठी आहे, कुठे कार्यक्रमासाठी, कुठे तिसऱ्याच कुणासाठी. बाजारात तोच शब्द गिऱ्हाइकाला लावतात आणि निवडणुकीत पक्षाला. मग याचा मूळ अर्थ कोणता, आणि सही करण्याआधी काय बघायचं?

मूळ अर्थ 'वाटा' आणि 'बाजू'. चार माणसं जमून खाणंपिणं करतात तो अर्थ फार उशिरा आला. आपल्याला मात्र तोच आधी आठवतो, म्हणून बाकीचे अर्थ ओढूनताणून आणल्यासारखे वाटतात. जुन्यापासून नव्याकडे आलं की गुंता राहत नाही.

लॅटिनमध्ये 'पार्स' म्हणजे भाग, आणि त्यावरून आलेलं क्रियापद म्हणजे वाटणी करणं. पुढे फ्रेंचमध्ये याचे दोन जुळे शब्द झाले, उच्चाराने सारखेच. एक स्त्रीलिंगी: वाटा, हिस्सा, खेळाचा डाव. दुसरा पुल्लिंगी: बाजू, गट, घेतलेला निर्णय. हा पुल्लिंगी शब्द फ्रेंचमध्ये लग्नाच्या संदर्भातही चालतो, आपण 'स्थळ चांगलं आहे' म्हणतो तसा. इंग्रजीत हे दोन्ही शब्द मिसळले आणि एकच 'पार्टी' उरला. शब्दाचा पसारा वाढायचं निम्मं कारण इथेच आहे.

१०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं आणि कोर्टकचेरीची भाषा फ्रेंच झाली. सामान्य माणसाला ती कळेना, म्हणून १३६२ साली न्यायालयात इंग्रजीतून बाजू मांडण्याचा कायदा करावा लागला. पण तोवर कोर्टातले शब्द घट्ट बसले होते, आणि 'पार्टी' त्यांतलाच एक. दाव्यात दोन बाजू असतात, म्हणून दाव्यातली प्रत्येक बाजू ही पार्टी. बाजू म्हणजे शेवटी कुणीतरी माणूसच, तेव्हा हळूहळू त्या माणसालाच पार्टी म्हणू लागले. करारात तुमच्या नावापुढे हा शब्द येतो तो या वाटेने. म्हणजे करारातला अर्थ जुना आणि कोजागिरीचा नवा.

दुसरी वाट सैन्यातून गेली. मोठ्या फौजेतून काही माणसं एका कामासाठी वेगळी काढली की ती पार्टी: टेहळणीची, शोधाची, हल्ल्याची. मराठीत हे समजायला कष्टच नाहीत, कारण आपणही 'तुकडा'वरूनच 'तुकडी' केली आहे. मग तुकडी लढायलाच निघाली पाहिजे असं राहिलं नाही. शिकारीला निघालेला घोळका पार्टी झाला, नदीकाठी सहलीला गेलेली मंडळी पार्टी झाली. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात घरी आमंत्रण देऊन जमवलेल्या मंडळींनाही इंग्रज पार्टी म्हणू लागले, आणि शेवटी शब्द माणसांवरून त्या समारंभावर सरकला. 'पार्टी करणं' असं क्रियापद इंग्रजीत विसाव्या शतकात रुळलं. अमेरिकेतल्या बोस्टनच्या बंदरात १६ डिसेंबर १७७३ च्या रात्री चहाच्या पेट्या समुद्रात फेकल्या गेल्या. त्या घटनेला 'टी पार्टी' हे नाव तेव्हा नव्हतं, ते जवळपास अर्ध्या शतकानंतर पडलं. त्यामुळे त्या नावावरून १७७३ मधल्या भाषेबद्दल काही अनुमान काढू नका. हा घोटाळा बऱ्याच ठिकाणी वाचायला मिळतो.

राजकारणातला अर्थ सरळ 'बाजू' वरून आला. इंग्लंडमध्ये १६७९ च्या सुमारास राजगादीच्या वारसावरून वाद पेटला, त्यात व्हिग आणि टोरी असे तट पडले, आणि हा अर्थ घट्ट झाला. सुरुवातीला तो शिवीच्या जवळचा होता. अमेरिकेचा पहिला राष्ट्राध्यक्ष वॉशिंग्टन याने १७९६ च्या निरोपाच्या संदेशात पक्षीय वृत्तीपासून सावध राहायला सांगितलं ते याच भावनेतून. आपल्याकडे १९२३ मध्ये स्वराज पार्टी स्थापन झाली तेव्हा मात्र शब्दाला तो वास राहिला नव्हता. आपल्या मूळ राज्यघटनेत राजकीय पक्षांचा उल्लेखच नव्हता, ते १९८५ च्या ५२ व्या घटनादुरुस्तीने, पक्षांतरबंदीच्या दहाव्या अनुसूचीतून आत आले.

आता मराठीकडे या. संस्कृत 'पक्ष' म्हणजे पंख, आणि पंख दोन बाजूंना असतात म्हणून बाजू. त्यातून महिन्याचे शुक्ल आणि कृष्ण पक्ष, लग्नातले वधूपक्ष आणि वरपक्ष, वादातला पूर्वपक्ष, शरीराची एक बाजू लुळी पडते तो पक्षाघात, कोर्टातला पक्षकार आणि निवडणुकीतला पक्ष. लॅटिनशी काही नातं नसताना 'पक्ष' बराचसा त्याच रस्त्याने चालला. फक्त मेजवानीच्या दाराशी तो थांबला. पक्षाला मेजवानीचा अर्थ आला नाही, कारण त्यासाठी पंगत होती, जेवणावळ होती, आणि फारसीतून आलेली 'मेजवानी' होती. म्हणून मराठीने 'पार्टी' हा शब्द उचलला तो मुख्यतः त्या रिकाम्या जागेसाठी: चहापार्टी, हुरडा पार्टी, इकडची पोंक (म्हणजे गुजरातचा हुरडा) पार्टी. छापील मराठीत राजकारणाला आणि कोर्टाला पक्षच राहिला, बोलण्यात मात्र पार्टी तिथेही शिरली.

वडोदऱ्यात याच्या जोडीला गुजरातीचा प्रभाव आहे. मांडवीत किंवा रावपुऱ्यात दुकानदार 'सामेवाळी पार्टी' म्हणतो तेव्हा त्याला व्यवहारातली समोरची बाजू म्हणायची असते, म्हणजे तेराव्या-चौदाव्या शतकातला कोर्टाचा अर्थ. घेणारा असो की देणारा, खातं ज्याच्या नावाने आहे तो पार्टी. हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्येही पार्टीच्या नावाचा रकाना असतो आणि उधारी 'पार्टीवाइज' निघते. 'मोठी पार्टी आहे' म्हणजे मोठा व्यवहार करणारा माणूस. मुंबई-पुण्याकडून नवीन आलेल्यांना हे ऐकून जेवणाचं आमंत्रण असल्यासारखं वाटतं, तसं काही नसतं. 'पार्टी प्लॉट' मध्ये मात्र शब्द नव्या अर्थाने आहे: लग्न, रिसेप्शन, गरबा यांसाठी भाड्याने मिळणारं मोकळं मैदान किंवा हिरवळ. एकाच पावतीवर वर 'पार्टीचं नाव' आणि खाली 'पार्टीची तारीख' असं छापलेलं दिसतं ते यामुळे. दोन अर्थांमध्ये चार-पाचशे वर्षांचं अंतर आहे आणि ते कागदावर चार ओळींचं झालंय.

करारात नुकसान होतं ते नेमकं इथे. समजा कलम असं आहे: 'पार्टी रद्द झाल्यास पार्टीला अनामत परत मिळणार नाही, व पार्टीनंतरची साफसफाई पार्टीने करावी.' साफसफाई कुणाची? मालकही एक पार्टीच आहे. आणि रद्द कुणी केलं तर अनामत जाते, तुम्ही की त्याने? पावसाने मैदानात चिखल झाला आणि मालकानेच नाही म्हटलं, तरी हे वाक्य तुमच्यावर उलटवता येतं. माझा आग्रह असा, की अशा कागदातून 'पार्टी' हा शब्द पूर्ण काढून टाकायला सांगा. समारंभासाठी सगळीकडे 'कार्यक्रम' लिहा. माणसांसाठी आपल्या दस्तांतले जुने शब्द वापरा: जागा देतो तो 'लिहून देणार', घेतो तो 'लिहून घेणार'. गुजरातीत हेच 'लखी आपनार' आणि 'लखी लेनार' म्हणून चालतात, त्यामुळे मालकालाही ते परके वाटणार नाहीत. मग कलम असं होतं: 'लिहून देणार यांनी कार्यक्रम रद्द केल्यास संपूर्ण अनामत परत करावी. लिहून घेणार यांनी रद्द केल्यास...' आणि पुढे किती दिवस आधी कळवलं तर किती रक्कम कापायची ते. दोन वेगळी वाक्यं हवीत. 'कोणत्याही पक्षाने रद्द केल्यास' असं एकत्र लिहिलं की पुन्हा घोळ.

मसुदा इंग्रजी असेल तर त्यात 'फर्स्ट पार्टी' आणि 'सेकंड पार्टी' असेल. पहिला म्हणजे वरचढ असं काही नाही, तो फक्त नावांचा क्रम आहे. दोघांची व्याख्या पहिल्या परिच्छेदात असते, ती बोट ठेवून वाचा. छापील नमुन्यात कधी एका पानावर मालक पहिला असतो आणि मागच्या अटींमध्ये भाडेकरू पहिला, कारण दोन वेगळे नमुने जोडलेले असतात. सगळ्या अटी तिथे उलट्या लागतात.

मंडळाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट, आणि ती सर्वांत महत्त्वाची. पार्टी कोण आहे, मंडळ की सही करणारे कार्यवाह? नुसतं कार्यवाहांचं नाव आणि सही असेल, तर कागदापुरते तेच पक्षकार. अनामतीचा परतावा त्यांच्या नावाने येईल आणि हिरवळीच्या नुकसानीची मागणीही त्यांच्याच घरी जाईल. मंडळ सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेलं असेल तर आधी मंडळाचं पूर्ण नाव, नोंदणी क्रमांक, आणि मग 'तर्फे' लिहून त्या कामासाठी ठरावाने नेमलेल्या विश्वस्तांचं नाव असावं. ठरावाची प्रत जोडा. पावतीही मंडळाच्याच नावाने घ्या. करार मंडळाचा आणि पावती व्यक्तीची, असं झालं की परताव्याच्या वेळी अडतं.

तुमचा तो 'तिसराच कुणी' म्हणजे थर्ड पार्टी: करार करणाऱ्या दोघांबाहेरचा माणूस. वाहनविम्यात हा अर्थ स्वच्छ दिसतो. विमा घेणारा पहिला, विमा कंपनी दुसरी, आणि रस्त्यावर ज्याला धक्का लागला तो तिसरा. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने सक्तीचा केलेला विमा त्या तिसऱ्यासाठी आहे, तुमच्या गाडीच्या पत्र्यासाठी नाही. प्लॉटच्या करारात तिसरा म्हणजे साधारणपणे बाहेरून आणलेला केटरर, मांडववाला, ध्वनिव्यवस्थावाला. त्यांना आत येऊ देणार का, त्यासाठी वेगळी रक्कम घेणार का, आणि त्यांच्या हातून काही मोडलं तर भरपाई कुणी द्यायची, ही तीन उत्तरं कागदावरच असू द्या. कोजागिरीचं दूध मंडळाच्या बायकाच आटवणार असतील तर त्या थर्ड पार्टी नाहीत, हेही एका ओळीत लिहून घेतलेलं बरं. आणि शब्दाशी संबंध नसलेली एक सूचना: २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे उघड्यावर रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपक बंद. सण-उत्सवांसाठी राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस १२ पर्यंत सूट देऊ शकतं. तुमची तारीख त्यात आहे का ते बघूनच गाण्यांचा कार्यक्रम आखा, कारण चंद्राला नैवेद्य मध्यरात्रीचा.

'एक्स पार्टी हुकूम' असं जे ऐकू येतं त्यात पार्टी नाहीच. तो लॅटिन 'एक्स पार्टे' आहे, म्हणजे एका बाजूने, आपल्याकडे 'एकतर्फी'. समन्स मिळूनही प्रतिवादी हजर राहिला नाही तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ९ खाली दावा असा चालतो. तो हुकूमनामा रद्द करून घ्यायचा तर अर्जाची मुदत हुकूमनाम्याच्या तारखेपासून ३० दिवस, आणि समन्स रीतसर बजावलंच गेलं नसेल तर हुकूमनामा कळल्यापासून ३० दिवस. अनामतीवरून वाद कोर्टापर्यंत गेलाच तर ही तारीख चुकवू नका.

राहिली तुमची निमंत्रणपत्रिका. तिथे मी 'पार्टी' लिहिणार नाही. दारूबंदीच्या राज्यात तो शब्द नको तो अर्थ सुचवतो, आणि ज्येष्ठ सभासदांना तो रुचतही नाही. 'कोजागिरी स्नेहमेळावा' लिहा. गुजराती शेजाऱ्यांना बोलावणार असाल तर 'स्नेहमिलन' लिहा, तो शब्द दोन्ही भाषांत चालतो. पत्त्यात मात्र प्लॉटचं नाव जसं पाटीवर आहे तसंच, 'पार्टी प्लॉट' सकट ठेवा. तिथे भाषांतर केलंत तर रिक्षावाला तुम्हाला पोहोचवणार नाही.