गोव्यात विधानसभेच्या उमेदवाराची खरी भूमिका कशी ओळखायची?
जाहीरनाम्यावरून काही कळत नाही हो, गोवा राखायची भाषा सगळेच करतात. दारात प्रचाराला आला की सरळ विचारा, नगरनियोजन कायद्यातल्या 39ए कलमाच्या बाजूने की विरोधात, एका शब्दात सांगा. 2024 मध्ये आलेल्या या कलमाने जमिनीचा झोन बदलायची वाट मोकळी केली, म्हणजे आज भातशेत तर उद्या सेटलमेंट, म्हणजे बांधकामाची जमीन. आमच्या पेडण्यात घरामागच्या शेतात लाल मातीचा भराव पडलाय, आता पाऊस लागला की पाणी थेट तुळशीपर्यंत येतं, म्हणून माझा पहिला प्रश्न हाच असतो. मग म्हादई नदीचं पाणी कर्नाटकाकडे वळवण्याचा वाद, आणि 2018 मध्ये सुप्रीम कोर्टाने 88 खाण लीज रद्द केल्यावर घरी बसलेल्या कामगारांचं काय तेही. आधी आमदार राहिलेला असेल तर सभागृहात त्याने काय प्रश्न विचारले ते नक्की बघा.