गोल्फमध्ये पाण्याच्या हद्दीत बॉल पाइपाला टेकला, तर फ्री ड्रॉप मिळतो का?

तुमचा बॉल पाण्याची हद्द दाखवणाऱ्या लाल खुंट्यांच्या आत, नाल्याच्या कोरड्या काठावर होता आणि सिमेंटात पक्क्या बसवलेल्या पंपाच्या पाइपाला टेकला होता. मित्र फ्री ड्रॉप (दंडाशिवाय बॉल उचलून बाजूला टाकायची मुभा) म्हणतो, तुम्हाला ते पटत नाही. तुमचंच बरोबर आहे, तिथे फ्री ड्रॉप नाही.

मी नागपूरजवळच्या एका गोल्फ कोर्सवर नऊ वर्षं कॅडी (खेळाडूची बॅग वाहणारा) होतो, आता भिवापूर तालुक्यात शेती करतो. पावसाळ्यात हा वाद हमखास व्हायचा. लोक आधी पाइप पाहतात. आधी बॉल कुठे आहे ते पाहायचं. हलवता न येणाऱ्या बांधकामापासून सुटका देणारा नियम १६.१ बंकरमध्येही (वाळूच्या खड्ड्यात) चालतो, पण बॉल पेनल्टी एरियात, म्हणजे खुंट्यांच्या हद्दीत, गेला की लागूच होत नाही. (२०१९ पासून वॉटर हॅझर्डला हेच नाव आहे.) मग आहे तसा मारा, नाहीतर एक पेनल्टी स्ट्रोक (दंडाचा जादा फटका) घ्या. लाल खुंट्या असतील तर बॉलने हद्द शेवटी जिथे ओलांडली तिथून दोन क्लबच्या (बॉल मारायच्या काठीच्या) लांबीच्या आत, होलच्या जवळ न जाता ड्रॉप करता येतो. आधीच्या जागेवरून पुन्हा मारायची मुभाही असतेच.

उलट बॉल हद्दीच्या वीतभर बाहेर असता आणि तोच पाइप तुमच्या पायात किंवा स्विंगमध्ये आला असता, तर फ्री ड्रॉप मिळाला असता. पाइप आत असला तरी.

उचलता येणाऱ्या वस्तूंचं वेगळं आहे. बाटली, रेक (वाळू सारखी करायचं दाताळं), अगदी ती लाल खुंटीसुद्धा काढता येते, आणि काढताना बॉल हलला तर पेनल्टी नाही, परत जागेवर ठेवायचा. पुरात वाहून आलेली तुराटी किंवा दगडही २०१९ पासून पेनल्टी एरियात उचलता येतो. जुने खेळाडू अजूनही हात धरतात, कारण पूर्वी मनाई होती. पण तुराटी काढताना बॉल हलला, तर एक पेनल्टी लागते आणि बॉल जागेवर ठेवावा लागतो. माणसानं बनवलेली वस्तू आणि निसर्गातली वस्तू यांतला हा फरक नीट लक्षात ठेवा, स्ट्रोक इथेच जातात.

एकदा जोरदार पावसानंतर नाल्याकाठच्या बेशरमाच्या झुडपात युरियाची रिकामी चुंगडी (गोणी) अडकली होती आणि बॉल बरोबर तिच्या घडीत बसला होता. खेळाडू पेनल्टी घ्यायला निघाले होते. मी म्हटलं, साहेब, चुंगडी हलवता येते. बॉल उचला, चुंगडी काढा, आणि बॉल होता त्याच्या बरोबर खालच्या जागेपासून एका क्लबच्या आत, होलच्या जवळ न जाता, हद्दीतच ड्रॉप करा, पेनल्टी नाही. त्यांनी चुंगडी ओढली आणि आडवी येणारी बेशरमाची फांदीही मोडायला हात घातला. तेव्हा मात्र मी त्यांना थांबवलं. जिवंत झाड मोडून मारायची जागा सुधारली तर स्ट्रोक प्लेमध्ये (एकूण फटके मोजायच्या खेळात) दोन स्ट्रोक जातात.

नाल्यावरच्या रपट्यावर (ठेंगण्या पुलावर) बॉल थांबला तरी तो पेनल्टी एरियातच धरतात, कारण हद्द वर आणि खाली दोन्हीकडे जाते. रपट्यापासून फ्री ड्रॉप नाही, पण क्लब सिमेंटवर टेकवून तिथूनच मारता येतं.