‘अनुभव: नाही’ ही ओळ आधी खोड

नागपूरच्या वर्धमाननगर भागातून बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाच्या एका मुलीचं पत्र आलं आहे. तिला धरमपेठ किंवा सिव्हिल लाइन्समधल्या एखाद्या रेस्टॉरंटमध्ये वाढपाचं, म्हणजे स्टीवर्डचं काम हवं आहे. दादाने सायबर कॅफेत बसून करून दिलेला तीन पानी बायोडेटा तिने सोबत जोडलाय. सात ठिकाणी देऊन झाला, फोन एकाचाही नाही. ‘अनुभव नाही म्हणून, की इंग्रजी कच्चं म्हणून?’ असा तिचा प्रश्न. पत्राच्या शेवटी जाता जाता ती लिहिते की बारावीपासून ती रोज संध्याकाळी मावशीच्या मेसमध्ये वाढायला जाते. चाळीस मुलं जेवतात. एकाला शेंगदाणा चालत नाही, त्याची भाजी कूट घालायच्या आधी बाजूला काढावी लागते. महिन्याचा हिशेबही तीच बघते, कारण गर्दीत मावशी ओळखीचा नसलेला फोनसुद्धा उचलत नाही. ‘बाबा म्हणतात, वाढपी व्हायला बी.कॉम. करतेस का?’ हेही आहेच.

अगं, दोन वर्षं रोज चाळीस पानं वाढतेस आणि बायोडेटात लिहितेस ‘अनुभव: नाही’! तुझ्या तीन पानांत ती एकच ओळ मॅनेजर नीट वाचत असणार. बाकी ‘आव्हानात्मक वातावरणात माझ्या क्षमतांचा विकास’ वगैरे मजकूर त्याने शंभर वेळा पाहिलाय. सायबर कॅफेच्या कॉम्प्युटरवर तो आधीच टाइप केलेला असतो.

आधी काढायचं काय ते सांगते. वडिलांचा व्यवसाय, जात, धर्म, उंची, वैवाहिक स्थिती, आधार क्रमांक. हा रेझ्युमे आहे, स्थळाची माहिती नव्हे. खालचं ‘वरील माहिती सत्य आहे’ हे प्रतिज्ञापत्रही नको. राहील ते एका पानात बसतं.

आता मेस. तिच्याबद्दल तीन-चार ओळी लिही, पण विशेषणं न वापरता. ‘मेहनती, हसतमुख, टीममध्ये काम करणारी’ असं कोणीही लिहितं. तू असं लिही: ‘घरगुती मेस, वर्धमाननगर. दोन वर्षं. रोज रात्री चाळीस जणांना वाढणं. शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्या सदस्याचं जेवण वेगळं ठेवणं. मासिक वर्गणी गोळा करणं आणि हिशेब जुळवणं.’ यातली शेंगदाण्याची ओळ सोन्याची आहे. हॉटेलात पाहुणा ‘यात काजू आहे का?’ विचारतो तेव्हा अंदाजाने ‘नाही’ म्हणणारा पोरगा मॅनेजरला घाम फोडतो. आपल्याकडे तर कूट कशात नसतो! जी मुलगी न सांगता भाजी बाजूला काढते, तिला तो बोलावणारच.

हिशेबाची ओळही तशीच. बिलिंगच्या पीओएस मशीनवर बसवायला आकड्यांना न घाबरणारं माणूस लागतं, आणि इथे तुझं बी.कॉम. कामाला येतं. (बाबांना हे सांगून बघ. पटेलच असं नाही.)

केओटी, कव्हर, सेक्शन, मीज आँ प्लास हे शब्द इंटरनेटवरून उचलून ‘कौशल्ये’ खाली चिकटवू नकोस. कॅप्टन, म्हणजे वाढप्यांचा प्रमुख, पहिल्याच मिनिटाला विचारेल. पण अर्थ माहीत असू दे: केओटी म्हणजे किचनला जाणारी ऑर्डरची चिठ्ठी, कव्हर म्हणजे जेवणारा एक माणूस, सेक्शन म्हणजे एका वाढप्याकडे दिलेली टेबलं, मीज आँ प्लास म्हणजे काम सुरू होण्याआधीची मांडामांड. खरोखर काही जोडायचंच असेल तर एफएसएसएआय या सरकारी अन्न प्राधिकरणाचं फॉस्टॅक नावाचं अन्नसुरक्षेचं छोटं प्रशिक्षण आहे, ते कर आणि तेवढी एक ओळ टाक.

इंग्रजीचं म्हणशील तर रेझ्युमे साध्या इंग्रजीत असू दे, पण तुझ्या स्वतःच्या. दादाचं भारदस्त इंग्रजी कागदावर आणि तुझं वेगळंच तोंडावर, हे समोरच्याला लगेच कळतं. भाषांच्या रकान्यात खरं लिही: मराठी, हिंदी उत्तम, इंग्रजीत ऑर्डर घेता येते. येत नसेल तर आठवडाभर आरशासमोर घे, मग लिही. आणि हिंदीला कमी लेखू नकोस. नागपुरात पाहुणा मराठी असला तरी हॉटेलात बसला की ‘भैया, दो रोटी और’ सुरू होतं.

एक गोष्ट जवळजवळ कोणीच लिहीत नाही, आणि मॅनेजरला तीच हवी असते: तू कधी येऊ शकतेस. कॉलेज सकाळचं असेल तर ‘दुपारी साडेतीननंतर, शनिवार-रविवार पूर्ण दिवस’ असं नावाखालीच, ठळक. या धंद्यात रविवारी सुट्टी मागणारे पुष्कळ भेटतात. घरापासून यायचं कसं तेही टाक. तुला मेट्रोची ॲक्वा लाइन शंकरनगर चौकापर्यंत सरळ नेते. परतीचं मात्र आधी बोलून घे, कारण रात्री अकरा-साडेअकराला शिफ्ट सुटली तर मेट्रो नसते. वीस किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनांना लागू असलेल्या महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार, रात्री साडेनऊनंतर स्त्री कर्मचाऱ्याला कामावर ठेवायला तिची संमती लागते आणि सुरक्षिततेची, घरी सोडण्याची सोय मालकाने करायची असते. हे रेझ्युमेत लिहायचं नाही. मुलाखतीत शांतपणे विचारायचं. जो मालक या प्रश्नावर चिडतो, तिथे जाऊ नकोस.

रेझ्युमे द्यायला दुपारी एकला किंवा रात्री नऊला गेलीस तर तो काउंटरवर बडीशेपेच्या वाटीखाली जातो. चार ते साडेपाच ही वेळ बरी. लंच आटोपलेलं असतं, डिनरची मांडामांड व्हायची असते. वॉचमनच्या हाती देऊ नकोस, मॅनेजर किंवा कॅप्टनला भेटायचंय म्हण. दिवाळीनंतर लगेच फिर. डिसेंबरात हिवाळी अधिवेशन, त्यात लग्नसराई, त्याआधी सगळ्यांनाच माणसं हवी असतात. सावजी भोजनालयात जाणार असशील तर हा कागद घरीच ठेव. तिथे मालकाशी दोन मिनिटं बोललीस की पुरे, तो थेट ‘उद्या ये’ म्हणेल किंवा नाही म्हणेल.

पगार विचारताना टिप कशी वाटतात, जेवण मिळतं का, आठवड्याची सुट्टी कोणती, हेही विचार.

राहिला संदर्भ. कॉलेजच्या प्राध्यापकांचं नाव नको, त्यांनी तुला वाढताना पाहिलेलं नाही. मावशीचा नंबर टाक. फक्त तिला आधी सांगून ठेव की अनोळखी नंबरवरून फोन येईल, आणि या वेळी तरी तो उचल.